आजच्या आज

बाई कुणाशीही बोलायला लागल्या की आधी त्याचं मनगट हातात घ्यायच्या. विचारायच्या नाहीत. तुम्ही भाजीच्या भावाबद्दल बोलत असा नाहीतर पावसाबद्दल, त्यांची बोटं तुमच्या नाडीवर आणि नजर स्वतःच्या डाव्या खांद्याकडे. तिथे पदराला पिनेनं उलटं घड्याळ टाचलेलं असायचं. पुण्याच्या एका इस्पितळात त्यांनी आयुष्यभर नर्स म्हणून काम केलं होतं, त्याची ही राहिलेली सवय. बोलणं संपलं की मनगट सोडायच्या आणि म्हणायच्या, "ठीक आहे." ते आपल्या बोलण्याला म्हणाल्या की नाडीला, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही.

आम्ही चिंचवडला बिऱ्हाड करायला आलो ते पंचावन्न-छप्पन साल असेल. ह्यांना पिंपरीच्या बाजूला नव्यानं निघालेल्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. मी राजापूरकडची. आमच्या गावात तेव्हा संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसायच्या, की झाली दिवाबत्ती. वीज मी पाहिली होती ती फक्त मुंबईच्या मावशीकडे, आणि तिथेही बटणाला हात लावायला मला कुणी दिलं नव्हतं.

स्टेशनापासून गावाकडे येताना उजव्या हाताला बाईंची बैठी चाळ होती. एका ओळीत पाच खोल्या, शेवटच्या खोलीत बाई स्वतः, पुढे अंगण आणि अंगणात कडुनिंब. त्या गल्लीत वीज सगळ्यात आधी घेतली ती त्यांनी. खोली बघायला आम्ही गेलो तेव्हा मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. घरात माणसं किती, गाव कुठलं, आडनाव काय, पाहुणे फार येतात का. बाईंनी यातलं काहीही विचारलं नाही. माझं मनगट धरून म्हणाल्या, "घरात वीज कधी वापरलीय का?"

मी म्हटलं, "नाही."

"छान. म्हणजे वाईट सवयी लागलेल्या नसतील."

मग त्यांनी अट सांगितली. "दिवा लुकलुकला, बटण गरम लागलं, कुठे जळका वास आला, कुठे हात लावल्यावर मुंग्या आल्या, की मला येऊन सांगायचं. आजच्या आज. उद्या सांगायला आलात तर मी खोली रिकामी करायला सांगेन. बाकी तुम्ही घरात काय शिजवता, किती वाजता झोपता, मला काही करायचं नाही."

भाडं सांगायचं त्या विसरल्याच. ते ह्यांना विचारावं लागलं.

सकाळी आंघोळ आटोपली की बाईंची फेरी निघायची. निळ्या काठाचं पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट. प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारात उभ्या राहून "येऊ का?" म्हणायच्या आणि उत्तराच्या आत आत आलेल्या असायच्या. प्रत्येक बटणाला त्या हात लावायच्या, पण तळहात नाही. हाताची मागची बाजू. लहान मुलाच्या कपाळाला आई लावते तशी. मग फ्यूजच्या लाकडी फळीजवळ नाक नेऊन वास घ्यायच्या. आमटीला फोडणी पडलेली असली तर मला म्हणायच्या, "तुझ्या लसणीतून मला काही कळत नाही. थोड्या वेळानं येते." आणि खरोखर यायच्या.

बिघाडांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. बटण तापलं की "ताप आलाय". दिवा लुकलुकला की "उचकी लागलीय". फळीतून घूं असा आवाज आला की "दमा". त्यांच्या ठरलेल्या वायरमनलाही हीच भाषा अंगवळणी पडली होती. चिखलीहून सायकलवर यायचा. सायकल निंबाला टेकवता टेकवता विचारायचा, "काय बाई, कुनाला ताप आलाय आज?"

कुणाला वाटेल बाईंना विजेतलं फार कळत होतं. अजिबात नाही. त्या स्वतःच सांगायच्या, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तर मी कशाला हात घालत नाही." साधा फ्यूजसुद्धा त्यांनी कधी बांधला नाही. मेन स्विच तेवढा बंद करायच्या. त्यासाठी स्विचखाली एक लाकडी पाट कायमचा ठेवलेला होता. हात पदराला कोरडे करायचे, पाटावर उभं राहायचं, दांडी खाली ओढायची, आणि वायरमनला निरोप धाडायचा. त्याच्या पलीकडे त्यांची विद्या नव्हती आणि असल्याचा आवही नव्हता.

त्या सगळ्याच बाबतीत अशा असत्या तर शेजारी राहणं अवघड झालं असतं. पण बाकी बाबतीत बाई चांगल्यापैकी आळशी होत्या. त्यांच्या स्वतःच्या खुर्चीचा एक पाय मोडला होता, तो सुतळीनं बांधून त्यांनी वर्षानुवर्षं चालवला. त्यांच्या खोलीत पावसाळ्यात दोन ठिकाणी गळायचं, तिथे पातेली ठेवलेली असायची. एकदा ह्यांनी न राहवून म्हटलं, "बाई, कौलं शाकारून घ्यायचं तेवढं मनावर घेत नाही तुम्ही."

बाई म्हणाल्या, "गळलं तर माणूस भिजतो. वायर बिघडली तर मरतो. दोन्हीला सारखी घाई कशाला?"

आमच्या बिऱ्हाडातली पहिली उचकी स्वयंपाकघरातल्या दिव्याला लागली. मी पोळ्या करत होते आणि दिवा आपला मिणमिण करायला लागला. बल्ब ज्याच्यात बसतो तो पितळी होल्डर सैल झाला असावा, एवढं मलाही कळलं. पण अट लक्षात होती, म्हणून तव्याखालची शेगडी तशीच ठेवून बाईंकडे गेले. त्यांनी मेन बंद केला, मला चिमणी आणून दिली आणि वायरमनला निरोप पाठवला. सकाळी निरोप परत आला की त्याच्या मेहुणीचं लग्न आहे, तो दोन दिवस येणार नाही.

बाईंनी बूट चढवले, स्टेशनवरून टांगा केला आणि चिखलीला गेल्या. मी आपली घाबरून सोबत. तिथे मांडव, ताशे, पंगती बसलेल्या. वायरमन फेटा बांधून वाढप करत होता. त्याला बाई दिसल्या आणि त्याच्या हातातलं बुंदीचं ताट तिथेच थबकलं.

"बाई, आज कसं येऊ? सासरा काय म्हनंल?"

"मी कुठे काय म्हणतेय? तुझं काम उरकून घे. मी थांबते."

आणि बाई थांबल्या. बायकांच्या पंगतीत बसून जेवल्या, वरमाईची नाडी बघितली, तिला अशक्तपणा आहे म्हणून खजूर खायला सांगितले. मग मांडवाच्या खांबाशी खुर्ची टाकून बसल्या. बोलल्या एक शब्द नाहीत. फक्त मधून मधून खांद्यावरच्या घड्याळाकडे बघायच्या. शेवटी सासराच जावयाला म्हणाला, "जाऊन ये बाबा एकदाचा. म्हातारी बघाया लागली की मला धडधडतंय." फेटा आणि डोक्यातल्या अक्षतांसकट वायरमन आमच्या स्वयंपाकघरात आला. होल्डर उघडला तर आतली एक वायर खालपासून करपून काळी पडली होती, नुसता हात लावला तर तुकडा पडला. त्यानं तो तुकडा मला दाखवला आणि म्हणाला, "बरं झालं वहिनी. ही पेटली असती तर वरचं लाकूड धरलं असतं."

मला लाज वाटत होती की एवढ्याशा मिणमिणीसाठी लग्नातून माणूस उचलून आणला. ती तिथे संपली.

चौथ्या खोलीत एक कारकून एकटा राहायचा. नगरकडचा, गरीब स्वभावाचा. त्यानं कुठूनतरी विजेची शेगडी आणली होती आणि तिच्यावर तो भात करायचा. भात शिजायच्या आत फ्यूज जायचा आणि सगळ्या चाळीत अंधार. सगळे त्याला बोलायचे. एक दिवस फ्यूज जायचा थांबला. भात होऊ लागला. आम्हाला बरं वाटलं. तिसऱ्या की चौथ्या सकाळी बाईंनी त्याच्या फळीवर हात ठेवला आणि झटक्यात काढला. लाकूड तापलं होतं.

मेन बंद झाला. कारकुनाला अंगणात बोलावलं. बाईंनी त्याचं मनगट धरलं. तो म्हणाला, "बाई, सगळ्यांना त्रास होत होता, म्हणून मी फ्यूजमध्ये जाड तार घातली. आता जात नाही तो."

"जाणं हेच त्याचं काम आहे," बाई म्हणाल्या. "पोरगं खोकतंय म्हणून तू त्याचं तोंड बांधलंस. खोकला ऐकू येत नाही, एवढंच."

तो रडवेला झाला. बाई रागावल्या मात्र नाहीत. वायरमननं फळी बदलेपर्यंत आम्ही सगळ्यांनी चिमण्यांवर काढलं, आणि कारकून बाईंकडे जेवला. नंतर बाईंनी आपला रॉकेलचा स्टो त्याला दिला आणि स्वतः चुलीवर आल्या. स्टो परत मागितला नाही.

त्या अशा का होत्या हे त्यांनी एकदाच सांगितलं. आम्ही दोघी अंगणात पावटे सोलत बसलो होतो. मी सहज विचारलं की विजेची एवढी धास्ती घेतली ती काही पाहिलं होतं म्हणून का.

"विजेचं काही नाही पाहिलं," त्या म्हणाल्या. "माणसं पाहिली. पस्तीस वर्षं. पाय काळा पडल्यावर यायची. पोर फिट येऊन निपचित पडल्यावर आणायची. मी विचारायची, कधीपासून? म्हणायची, पंधरा दिवस झाले, थोडं थांबून बघू म्हटलं. शिकलेली, अडाणी, श्रीमंत, भिकारी, सगळ्यांचं वाक्य एकच. थोडं थांबून बघू म्हटलं." त्यांनी एक शेंग मोडली. "त्या माणसांना मी काही म्हणू शकत नव्हते. वेळ गेलेली असायची. आता माझं घर आहे. इथे मी म्हणू शकते."

आमच्या कुंपणापलीकडे आण्णांचं घर होतं. आण्णा गावातले जुने शेतकरी. पवनेकाठी बागाईत, दावणीला बैल, गावात शब्दाला वजन. कारखान्यांसाठी जमिनी जायला लागल्या तेव्हा लोक आधी आण्णांचा सल्ला घ्यायचे. बाईंनी वीज घेतली त्याच्या पुढच्या वर्षी आण्णांनी घेतली, आणि आमच्यापेक्षा दोन दिवे जास्त लावले. बाईंचं आणि त्यांचं बरं होतं. आण्णांच्या सुनेची पहिली दोन्ही बाळंतपणं बाईंनी केली होती आणि तिसऱ्या खेपेचे तिचे दिवस भरत आले होते.

नवरात्र तोंडावर आलं होतं. घट बसायच्या आधी घरातलं चिंधूकसुद्धा धुवायचं, तशी सगळ्या गल्लीत धुणी चालली होती. मी आणि बाई आमच्या अंगणात वाकळ पिळत होतो. बाईंचं लक्ष कुंपणापलीकडे गेलं आणि त्यांनी वाकळ तशीच माझ्या हातात सोडली.

"ती खडावा घालून का चाललीय?"

मी पाहिलं. आण्णांच्या पडवीच्या पत्र्यापासून अंगणातल्या एका लोखंडी खांबापर्यंत तार ताणलेली होती, कपडे वाळत घालायला. सून पायात पुरुषी मापाच्या लाकडी खडावा घालून, पोट सावरत, खटक खटक करत लुगडी टाकत होती. पोटुशी बाई खडावांवर तोल सांभाळत चाललेली मी कधी पाहिली नव्हती.

बाईंनी कुंपणावरूनच हाक मारली. "अगं, खडावा कशाला?"

सून हसली. "तारंला हात लावला की मुंग्या येत्यात. खडावा घातल्या की न्हाई येत. आत्यांनी दिल्यात."

"कधीपासून येतात मुंग्या?"

"लई दिस झालं. पाऊस झाला की जास्ती येत्यात. आता सवं झालीय."

बाईंनी तिला हात वर न करता तिथून बाजूला व्हायला सांगितलं. इतक्या हळू आवाजात की सुनेनं मुकाट्यानं ऐकलं. मग बूट घातले आणि माझा हात धरून आण्णांकडे गेल्या. तोपर्यंत त्यांनी एका शेजाऱ्याला सायकलवर चिखलीला पिटाळलंही होतं.

आण्णा ओट्यावर पान लावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "व्हय, येत्यात जराशा मुंग्या. बघायचं हाय ते. घट बसू द्या, दसरा होऊ द्या, मग बोलावतो की वायरमनला."

"मी बोलावलाय. मेन बंद करा."

"अवो बाई, सनासुदीची माणसं येनार, घरात दिवा नको? एवढं दिस काय झालं का? न्हाई ना?"

"आण्णा, तुमची दोन्ही नातवंडं माझ्या हातावर आलीत. तिसरं यायचंय. मी वाद घालायला आले नाही. मेन बंद करा, आणि मुलांना माझ्या अंगणात पाठवा."

आण्णांचा चेहरा बदलला. त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या कारभारणीसमोर, असं त्यांच्याशी कुणी बोललं नसावं. पण बाळंतपण करणाऱ्या बाईला तोंडावर नाही म्हणणंही कठीण. त्यांनी आत जाऊन मेन बंद केला आणि बाहेर येऊन म्हणाले, "केला. झालं समाधान? आता पोरींना कामं करू द्या."

"नाही," बाई म्हणाल्या. "वायरमन येईपर्यंत अंगणात कुणी उतरायचं नाही."

"आता काय हाय त्यात? वीजच बंद केलीय."

"मला त्यातलं कळत नाही, म्हणून."

आण्णा मान फिरवून बसले. बाईंनी पडवीतला लाकडी स्टूल घेतला, अंगणात उतरायच्या पायरीवर आडवा टाकला आणि त्यावर बसल्या. म्हणजे जायचं तर त्यांना ओलांडूनच. सासू आतून धुसफुसत होती. सगळ्या घराची लुगडी, धोतरं, वाकळा तारेवर. शेजारच्या बायका दारात येऊन बघायला लागल्या.

बराच वेळ तसा गेला. आणि मग देहूरोडच्या बाजूनं आभाळ भरून आलं. टपोरे थेंब पडायला लागले, पाठोपाठ सर. पावसात वाळत घातलेले कपडे पाहून बाईमाणसाचे पाय आपोआप धावतात. सून उठली. मीही एक पाऊल टाकलं, खोटं कशाला सांगू. सासू ओरडली, "अगं लुगडी घे, घटाची लुगडी हायती." सून पायरीशी आली. बाईंनी बसल्या बसल्या तिचं मनगट पकडलं.

"भिजू देत."

"आत्या बोलतील."

"बोलू दे. तू बस."

त्यांनी तिला आपल्याजवळ खाली बसवलं आणि मनगट सोडलं नाही. तारेवरून पाणी ओघळत होतं, पत्र्याच्या पन्हळीतून धार लागली होती, लोखंडी खांबाच्या बुडाशी डबकं साचत होतं. सासूनं कपाळाला हात लावला. आण्णा ओट्यावरून म्हणाले, "एका बाईच्या भ्यानं सगळं घर पावसात बसवलं." बाईंनी ते ऐकलं. घड्याळाकडे बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "तुझी नाडी छान चाललीय."

वायरमन भिजतच आला. सर ओसरली होती. बाईंनी त्याला सुद्धा अंगणात पाय टाकू दिला नाही, आधी सगळं सांगितलं. त्यानं पिशवीतून तपासणीचा दिवा काढला. साधा बल्ब, त्याला दोन वायरी. एका वायरीचं टोक त्यानं ओल्या मातीत खोचलं, आणि दुसरं, रबरी मूठ धरून, पडवीच्या पत्र्याला लावलं.

बल्ब पेटला. झगझगीत नाही. मंद, तांबूस. पण पेटला.

आण्णा उठून उभे राहिले. "मेन बंद हाय," ते म्हणाले. "म्या सोता केलाय."

"मेनच्या आधीचं हाय हे, आण्णा," वायरमन म्हणाला. "रस्त्यावरच्या खांबावरनं तुमच्या घरात जी वायर येती, ती पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडलीय. मेन बंद करून काय उपेग न्हाई. पत्र्यात करंट हाय, तारंत हाय, त्या लोखंडी खांबात हाय. कोरडं व्हतं, खडावा व्हत्या, म्हनून निसत्या मुंग्या. आत्ता या पावसात कुनी भिजल्या हातानं वाकळ वढली असती, तर..." त्यानं सुनेकडे बघितलं.

सून रडायला लागली, आवाज न करता. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. नंतर त्या मला म्हणाल्या, "मेन बंद केला की सगळं थांबतं, असंच मला वाटत होतं. तरी अंगणात उतरू दिलं नाही कुणाला. नशीब." एवढंच म्हणाल्या.

वायरमन विजेच्या ऑफिसात गेला, त्यांचा माणूस घेऊन आला. खांबावर चढून वीज तोडली, सगळी गल्ली बंद. आण्णा म्हणाले, उरलेलं सकाळी करा. बाई स्टुलावरून उठल्या नाहीत. मग दिवस मावळायच्या आत नवी वायर आली, पत्र्यापासून लांब, चिनी मातीच्या कपांवरून. वाळवणाची तार काढून टाकली, काथ्याची दोरी बांधली. वीज परत सुरू केल्यावर तपासणीच्या दिव्याची एक वायर पुन्हा मातीत खोचून दुसरी पत्र्याला लावली, दिवा पेटला नाही, हे बाईंनी दोनदा बघितलं. मग मला म्हणाल्या, "चल, आपली वाकळ तशीच पडलीय."

आता कुणालाही वाटेल की आण्णांनी हात जोडले असतील. त्यांनी बाईंशी बोलणं सोडलं. सगळ्या गल्लीदेखत एका भाडेकरू ठेवणाऱ्या बाईनं त्यांना त्यांच्याच ओट्यावर बसवून ठेवलं होतं, आणि वर ती बरोबर निघाली होती. यातलं पहिलं त्यांनी एकवेळ पोटात घातलं असतं. समोरून बाई आल्या की आण्णा रस्त्यापलीकडे जायचे. मला वाईट वाटायचं. बाईंना काही वाटलेलं दिसलं नाही. "जिवंत माणसं रुसतात," त्या म्हणाल्या. "रुसू देत."

सुनेला मुलगी झाली. बोलावणं आलं ते सासूकडून, आणि बाई गेल्या. आण्णा त्या वेळी मळ्यात जाऊन बसले. बाळबाळंतीण सुखरूप आहेत म्हटल्यावर घरी आले, साखर वाटली, आमच्याकडे गड्याच्या हाती पाठवली. बाईंच्या वाट्याची पुडी जरा मोठी होती, पण बोलणं नाही ते नाहीच. सून मात्र रोज मुलीला घेऊन कुंपणाशी यायची. बाई कुंपणावरून त्या एवढ्याशा मनगटाची नाडी बघायच्या.

पुढच्या वर्षी आण्णांनी घराच्या बाजूला पिठाची गिरणी टाकली. विजेवरची. गावात ती पहिलीच, त्यामुळे दळणाला रीघ लागायची. गिरणी सुरू झाली त्या दिवशी सगळ्या गल्लीला बोलावणं होतं, बाईंना धरून. बाई गेल्या, नारळ ठेवला, मोटरीकडे एकदा बघितलं आणि परत आल्या. आण्णा तेव्हाही दुसरीकडे बघत होते.

मग एका सकाळी बाईंची फेरी आमच्या खोलीत पोचली होती. हाताची मागची बाजू बटणावर, आणि मी लसणीची फोडणी मुद्दाम थांबवून ठेवलेली. दारात कुणीतरी खाकरलं. आण्णा होते. डोक्याला मुंडासं, अंगावर सगळीकडे पिठाचा भुरका. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. माझ्याकडे बघून बोलायला सुरुवात केली, पण ते बोलणं माझ्याशी नव्हतं.

"मोटर जरा घरघर करतीय. कालच्यापासनं. वासबी येतोय." ते थांबले. "दळन बंद ठेवलंय. लोकं दारात बसल्यात. म्हनलं, आधी बाईंना इचारावं."

बाईंनी बटणावरचा हात काढला. दाराशी गेल्या आणि आण्णांचं मनगट हातात घेतलं. आण्णांनी ते घेऊ दिलं. एवढा मोठा माणूस, पोरासारखा हात पुढे करून उभा होता. बाई घड्याळाकडे बघत होत्या आणि आण्णा जमिनीकडे. बऱ्याच वेळानं बाईंनी मनगट सोडलं.

"मोटरीतलं मला काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "वायरमनला निरोप पाठवते. पण कालपासून येतोय ना आवाज?"

"व्हय."

"मग काल का नाही आलात?"

आण्णांनी अंगावरचं पीठ झटकलं. बाई मात्र बुटाची नाडी बांधायला लागल्या होत्या, त्यांच्याबरोबर निघायला.